नऊ हजार एक्याण्णव तांदूळ

आमच्या सासरी भांडणं होऊ नयेत म्हणून जे नियम केले गेले, त्यांच्यावरूनच सगळ्यांत जास्त भांडणं झाली. लाखोलीचा नियम त्यातलाच.

सासर पोशीरला. घरची भातशेती आहे. दीर ती बघतात, बाकीचे नोकऱ्या करतात आणि लावणी-कापणीला सल्ले द्यायला येतात. आम्ही राहतो खोपोलीत, शिळफाट्याजवळ. मी तिथल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. नट, बोल्ट, वॉशर किती आले, किती गेले, कुठल्या खोक्यात किती बसतात, हे माझं काम. लग्नाआधी गणितात बीएस्सी केलं होतं. त्याचा सासरी उपयोग एवढाच, की बाजारातून आल्यावर हिशेब जुळला नाही तर मला फोन येतो.

तर लाखोली. श्रावणात महादेवाला एक लाख तांदूळ वाहायचे, तेही अख्खे. तुटका दाणा, म्हणजे कणी, एकही चालत नाही. आणि अंदाजाने नाही, मोजून. ऐकणाऱ्याला वाटतं आता पोतंच लागणार, पण लाख तांदूळ म्हणजे फार तर दोन किलो भरतात. भावकीतल्या बायकांनी ते वाटून घ्यायचे, घरी बसून शंभर-शंभरचे ढीग लावून मोजायचे आणि सोमवारी देवळात एकत्र वाहायचे. आता नियम असा, की प्रत्येकीचा वाटा अगदी सारखा पाहिजे. पूर्वी कधीतरी एकीने गुपचूप दोन मुठी जास्त वाहिल्या आणि नेमकी तिच्याच गोठ्यात म्हैस व्याली. बाकीच्या जावा तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत म्हणे. तेव्हापासून एका दाण्याचाही फरक चालत नाही.

त्या वर्षी लाखोली थोरल्या जावेची होती. गुडघ्यांचं ऑपरेशन नीट होऊ दे, लाख तांदूळ वाहीन, असं ती बोलली होती. ऑपरेशन नीट झालं. नवे गुडघे घेऊन ती ओटीवर खुर्ची टाकून बसायची आणि तिथून सगळं घर हाकायची. आधी ती चालत हाकायची, तेव्हा निदान एका वेळी एकाच खोलीत असायची.

पहिल्या श्रावणी सोमवारी मी गेले, तर पडवीत काकी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. काकी म्हणजे नवऱ्याच्या चुलत्याची बायको, आमच्या सगळ्यांची चुलत सासू. सत्तरीच्या, दात निम्मे, जीभ पूर्ण. काका आदल्या वर्षी गेले.

"काकी, तुमचा वाटा किती आला?" मी सहज विचारलं.

"माजा कसला वाटा? मी निवडनारी. मोजनाऱ्या येगळ्या."

"म्हणजे?"

"म्हंजे निवडायला माजा हात चालतो, मोजायला नाय चालत. आता तूच इचार तुज्या मोठ्या जावंला, ती सांगंल बराबर." आणि सूप असं पाखडलं, की दोन कोंबड्या उडून लांब गेल्या.

या घरात लाखोली सुरू केली ती काकींनीच. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मला शंभराचा ढीग लावायला त्यांनीच शिकवलं होतं. बोटाने पाच-पाच दाणे ओढायचे. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हेत. पण सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला काय, माज्या हातचे तांदूळ देव वळखतो," आणि मान दुसरीकडे वळवली. तेव्हा मला कळलं, त्यांना यायचं आहे.

मी ओटीवर गेले.

"वहिनी, काकींना नाही घेतलं?"

थोरली तशी वाईट नाही. खरं कारण बोलायची तिलाही लाज वाटत होती. म्हणून तिने दुसरं काढलं. "तसं काय नाय गं. पन बघ ना, आमी हाव दहा जणी. लाखाचे दहा वाटे केले की दहा-दहा हजार, कसं सरळ बसतं! अकरावी आली की सगळं बिघाडतं. मागनं तूच म्हनशील, हिला जास्ती न् मला कमी."

मी मनात भागाकार केला. लाखाला अकराने भागलं की दहा उरतात. वहिनींचं बरोबर होतं. हेच मला झोंबलं. एखादी बाई धर्माचं कारण देते तेव्हा वाद घालता येतो, गणिताचं दिलं की गप्प बसावं लागतं.

गप्प बसले ती खोपोलीला येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन घेतलं. अकरा जणींत सारखी वाटली जाईल अशी लाखाजवळची संख्या मला हवी होती. लाखापेक्षा कमी चालणार नव्हती, नवस लाखाचा. जास्त चालली असती, पण किती? पन्नास-साठ जास्त म्हटलं असतं तर वहिनींनी विचारलं असतं, हे कुठून काढलंस. आणि बघते तर काय, पहिल्याच पावलाला सापडली. एक लाख एक. अकराने भागा, नऊ हजार एक्याण्णव. बाकी शून्य.

एक लाख एक! आपल्याकडे आहेर एकशे एकचा, वर्गणी पाचशे एकची, देणगी एक हजार एकची. वरच्या एकाला कुणी विचारत नाही की तू कुठून आलास.

पण थोरलीला मी ओळखून होते. अकरा जमतात असं दिसलं की ती दुसरं काहीतरी जमवणार. तीन जणींना गाळून सात करील, नाहीतर शेजारच्या बोलावून तेरा करील. म्हणजे एक लाख एक ही संख्या अकरा सोडून दुसऱ्या कशानेही सरळ वाटली जाता कामा नये. आणि ते सगळं अवलंबून होतं त्या नऊ हजार एक्याण्णववर. तिचे पुढे तुकडे पडत असतील, तर माझा बेत तिथेच फसला. तुकडे पडत नसतील, म्हणजे ती मूळ संख्या असेल, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, तर मी जिंकले.

स्टोअरमध्ये मूळ संख्या म्हणजे डोकेदुखी. एखाद्या पुरवठादाराने एकशे सत्तावीस वॉशर पाठवले, की कुठल्याही खोक्यात ते सारखे बसत नाहीत, एखादा तरी टेबलावर लोळत राहतो. नोकरीत इतकी वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदा एक मिळावी म्हणून डबा न उघडता बसले.

तपासणं अवघड नसतं, कंटाळवाणं असतं. शहाण्णवला शहाण्णवने गुणलं की नऊ हजार एक्याण्णवच्या पुढे जातं, म्हणून शहाण्णवच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. तीनने जात नाही, सातने पाच उरतात, तेराने चार. एकोणतीस, एकतीस, सदतीस, कुणाचीच डाळ शिजेना. एकसष्टने मात्र मला घाम फोडला. एकसष्ट गुणिले एकशे एकोणपन्नास, नऊ हजार एकोणनव्वद. दोनाने वाचले. पुढे एकाहत्तरने तीन उरले. एकोणनव्वदपर्यंत पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती, पण संख्या शाबूत होती. कुणाला दाद न देणारी.

समोरचा पॅकिंगवाला म्हणाला, "मॅडम, काय सापडलं काय?"

म्हटलं, "काकी."

मग माझा हात थांबेना. एकाला नऊ हजार एक्याण्णवने भागून पाहिलं. दशांशचिन्हापुढे तीन शून्यं, मग एक, शून्य, मग तीन वेळा नऊ, मध्येच आठ घुसलेला, शेवटी पुन्हा नऊ. असे दहा आकडे झाले, की परत पहिल्यापासून तेच दहा, तसेच, त्याच क्रमाने, कधीही न संपणारे. थोरलीच्या तक्रारींसारखे. पुढे कुठेतरी वाचलं, की बरोबर दहा आकड्यांनी फेरा पुरा करणारी मूळ संख्या जगात ही एकच आहे, दुसरी नाहीच. असेल. मला तिच्याकडून इतकं नको होतं.

संध्याकाळी थोरलीला फोन लावला.

"वहिनी, मी म्हणते, तुम्ही मंडळाला वर्गणी किती दिली?"

"पाचशे एक. का?"

"आणि माझ्या भाचीच्या लग्नात आहेर?"

"हजार एक केला होता. आता का काढतेस?"

"नाही, म्हटलं माणसांना वरचा एक देता आणि महादेवाला मात्र गोल लाख? एवढे दोन गुडघे दिले त्याने."

 वहिनींना कुणी कंजूष म्हटलेलं खपत नाही, देवानेही म्हटलेलं खपणार नाही. सोमवारी त्यांनी देवळात गुरवासमोर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, एक लाख एक. संकल्प सुटला की मागे घेता येत नाही. मी रजा टाकून मुद्दाम ऐकायला गेले होते.

पुढच्या रविवारी तांदूळ वाटायला सगळ्या जमल्या. पडवीत दोन चटया. काकी कोपऱ्यात, निवडलेल्या तांदळाचं पातेलं पुढ्यात घेऊन, कशातच नसल्यासारख्या. थोरलीची सून मोबाइलवर हिशेब करायला.

"दहा-दहा हजार घ्या," थोरली म्हणाली.

"आई, एक उरतो," सून म्हणाली.

"उरंना का. तो मी वाहीन. नवस माजा हाय."

माझी मधली जाऊ इतका वेळ चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला. मधलीचं आणि थोरलीचं नळावरून सुरू झालेलं आहे, नळ गंजून बदलला तरी चालू आहे. "म्हंजे तुमचे दहा हजार एक आन् आमचे दहा हजार?"

"अगं एका दान्यानं काय होतंय?"

"मंग तो मला द्या. एका दान्यानं काय होतंय?"

मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. मी चहात बिस्कीट बुडवलं.

"गुरवाला वाहू दे तो एक," कुणीतरी म्हणालं.

"बायांच्या लाखोलीत बाप्याचा हात?" कोपऱ्यातून काकी. पातेल्यातून मानही वर केली नव्हती.

थोरलीने मग माणसं कमी करायला घेतली. "नऊ जणींत बघ गं."

सुनेने बोटं चालवली. "अकरा हजार एकशे अकरा पॉइंट दोन दोन दोन."

"दोन दोन दोन म्हंजे?"

"म्हणजे प्रत्येकीला वर आणखी तांदळाचा पाचवा हिस्सा. तोडून द्यावा लागेल."

"तोडला की कणी झाली," मधली म्हणाली. "कणी देवाला चालती का?"

आठ जणींत केलं, तिथेही पॉइंट. सात जणींत पॉइंटनंतर एवढे आकडे आले की सुनेने वाचायचे सोडून दिले. बारा करून पाहिले, तेरा करून पाहिले. तेरावीला शेजारून हाक मारायची ठरलीसुद्धा होती. प्रत्येक वेळी थोरली म्हणायची "आता बघ," आणि प्रत्येक वेळी मोबाइल एक कणी पुढे करायचा. अकरा मात्र ती म्हणेना. दहानंतर थेट बारा. एवढी उडी नव्या गुडघ्यांना डॉक्टरांनीही सांगितली नसती.

शेवटी सूनच म्हणाली, "आई, अकरा करून बघू?" आणि उत्तराची वाट न बघता बोट दाबलं. "नऊ हजार एक्याण्णव. पॉइंट नाही."

 सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. काकी पातेल्यातला एक खडा काढून अगदी निरखून बघत होत्या.

थोरली माझ्याकडे वळली. "तुला ठाव व्हतं."

"मला काय ठाऊक असणार? मी नट-बोल्ट मोजते."

"दुसरं काय बसतच नाय का ह्यात?"

"बसतं की," मी म्हटलं. "नऊ हजार एक्याण्णव जणी बोलवा आणि प्रत्येकीला अकरा दाणे द्या. नेरळपासून कर्जतपर्यंतच्या बायका गोळा कराव्या लागतील, चहा तेवढा बघा. अकरा आणि ह्याच्या मधलं काहीच बसत नाही."

मधली एवढी हसली की चहा नाकात गेला. थोरलीला हसू आलं होतं, पण ते तिने गुडघा चोळण्यात घालवलं. मग खुर्चीतूनच म्हणाली, "काकी, एक वाटी आना तुमची."

"मला कशाला तुमच्यात?" काकी म्हणाल्या. वाटी पदराखालीच होती.

पुढचा आठवडा मला शिव्या खाण्यात गेला. कारण जी संख्या वाटणीत हटून बसते, ती मोजताना सरळ वागत नाही. दहा हजार असते तर शंभराचे शंभर ढीग, झालं. नऊ हजार एक्याण्णवचे कसलेच सारखे ढीग होत नाहीत. शंभराचे लावा, पन्नासाचे लावा, शेवटचा ढीग लंगडाच. आमच्याकडे सगळे ढीग सारखे दिसले की मोजणी बरोबर, अशी पद्धत. त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं आपलंच चुकलं. फोनवर फोन.

"अगं माजा शेवटचा ढीग बारीक का?"

"तो बारीकच असतो."

"समद्यांचा?"

"सगळ्यांचा. एक्याण्णवचा."

"ही काय संख्या हाय की काय हाय!"

मी स्वतः दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे आले. तिसऱ्यांदा मोजून बरोबर आल्यावर वाटीवर ताटली झाकून ती फ्रिजवर ठेवली, नवऱ्याने भातात टाकू नयेत म्हणून. काकींचा एकदाही फोन आला नाही.

सोमवारी सकाळी मी पोशीरला पोचले, तर थोरलीने मला न्हाणीघराकडे ओढलं. तिथे सून उभी, तोंड एवढंसं.

"हिला आजच अडचण आली," थोरली कुजबुजली. "आता काय?"

या घरात अडचण आली की चार दिवस बाजूला बसायचं, देवळाचं तर नावच नको. हा नियम थोरलीने स्वतः तीस वर्षं पाळलेला आणि सगळ्यांना पाळायला लावलेला. सुनेची वाटी दुसरीने वाहिली तर तिचे दुप्पट होणार. सुनेला गाळलं तर दहा उरणार, आणि दहाने भागलं की काय होतं ते आता तिला तोंडपाठ होतं. संकल्प सुटलेला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी खिशातून दुसरी संख्या काढून देणार आहे.

"दहांत काय..."

"नाही बसत, वहिनी."

तिने आधी बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "तुला काय झालेलं नाय. पित्त झालंय. कुनी इचारलं तर पित्त. जा, डोक्यावरनं पानी घे न् साडी नेस." आणि माझ्याकडे बोट करून, "आन् तू, दात दाखवू नको."

मी दाखवले नाहीत. हे लिहू का, असं सुनेला विचारलं तर ती म्हणाली, लिहाच. थोरलीला विचारलेलं नाही.

देवळात निघालो तेव्हा काकींनी सुनेकडे एकदा पाहिलं, मग थोरलीकडे.

"पोरीचं तोंड का गं उतरलंय?"

"पित्त झालंय," थोरली म्हणाली.

"बरं. आमच्या येळी पित्ताला चार दिस बाजूला बसवायचे."

थोरलीने जे कानांत बोळे घातले, ते देऊळ येईपर्यंत काढले नाहीत.

वाहायचं वयाप्रमाणे, मोठीने आधी. इतकी वर्षं काकीच पुढे असायच्या, आता त्या पायरीपाशी मागे उभ्या राहिल्या, वाटी दोन्ही हातांत धरून. थोरली त्यांच्यापुढे गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली. वाटी पुढे केली. आणि थांबली. मागे वळून दहा जणींची रांग पाहिली, रांगेत पित्त झालेली सून पाहिली, आणि वैतागून म्हणाली, "काकी, तुमी कुठं राहिल्या मागं? वयानं कोन मोठं हाय? व्हा पुढं, सगळ्यांचा खोळंबा."

काकी पुढे झाल्या. थोरलीला हाताने बाजूला सारलं, म्हणजे लागेल इतकंच, वर थोडं. आणि वाहायला लागल्या.

आम्ही सगळ्या वाटी उपडी करतो, एकदम. फार तर दोन-तीन मुठी. काकींनी चिमटीत धरले, पाच-सहा दाणे असतील. पिंडीवर सोडले. नमस्कार केला. पुन्हा चिमूट. गुरव एका पायावरून दुसऱ्या पायावर. मागे मधलीने वाटी या हातातून त्या हातात घेतली. सून भिंतीला टेकली, तिला खरोखरच पित्त व्हायची वेळ आली. थोरली उंबऱ्याजवळ चौकट धरून उभी, गुडघे नवीन.

"काकी," शेवटी ती म्हणाली, "एकदम वाहा की. केवढा येळ लावताय?"

काकींनी मागे वळून पाहिलंही नाही. चिमूट सोडली, बोटं झाडली, पुढची चिमूट घेतली.

"गप उभी ऱ्हा गं," त्या म्हणाल्या. "एक कमी-जास्ती झाला तर तूच भांडशील. मोजत्येय."